जो स्ट्रमर समजावून देणाऱ्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

‘द क्लॅश’ या ब्रिटिश पंक रॉक बँडचा गायक जो स्ट्रमर याच्यावरचा माझा लेख आमच्या दिवाळी अंकात छापून आला, तो आपल्या मदतीशिवाय पुरा झाला नसता. ऋणनिर्देशातल्या एका ओळीने माझे समाधान होईना, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

ब्रिटिश परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्याचा मुलगा, १९५२ साली अंकारात जन्मलेला, निवासी शाळेत शिकलेला. अशा माणसाने रस्त्यावरच्या लोकांची गाणी गावीत, हे ढोंग आहे, असे त्याचे टीकाकार म्हणत आले. आपण त्यावर वाद घातला नाहीत. लंडनच्या साउथॉल भागात राहत असताना पाहिलेले मात्र सविस्तर सांगितलेत. २३ एप्रिल १९७९ रोजी नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाच्या सभेला विरोध करायला आपली माणसे रस्त्यावर उतरली, ब्लेअर पीच हा शिक्षक त्या दिवशी मारला गेला, शेकडो जणांना अटक झाली. आणि त्यांच्या खटल्यांच्या खर्चासाठी जुलैत रेनबो थिएटरमध्ये ज्या मैफली झाल्या, त्यांत क्लॅश वाजवायला उभे राहिले. पंजाबी, गुजराती, मराठी घरांवर आलेल्या त्या प्रसंगात कोण सोबत आले, याची आपण ठेवलेली नोंदच माझ्या लेखाचा कणा झाली.

स्ट्रमरचे सगळेच मला पटते असे नाही. १९७८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या वंशवादविरोधी मेळाव्यात तो इटलीच्या रेड ब्रिगेड्स या सशस्त्र डाव्या संघटनेचे नाव असलेला टी-शर्ट घालून गायला, आणि त्याच सुमारास त्या संघटनेने इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना ओलीस ठेवले होते. आपणही त्याची पाठराखण केली नाहीत, म्हणूनच आपल्या बाकीच्या सांगण्यावर माझा विश्वास बसला.

त्याचे उच्चार माझ्या कानाला लागत नसत. आपण सुई उचलून तीच ओळ पुन्हा लावायचात, घडीवर फाटलेला गाण्यांचा कागद माझ्यापुढे सरकवायचात आणि शब्द कळेपर्यंत पुढे जायचा नाहीत. ‘सँडिनिस्टा!’ हा तीन रेकॉर्डचा संच स्वस्तात विकला जावा म्हणून बँडने पहिल्या २ लाख प्रतींवरच्या रॉयल्टीवर पाणी सोडले होते, हेही तो हातात देतानाच आपण सांगितलेत. पुढारीपणाची भाषा पुष्कळ गायक करतात. स्वतःच्या मिळकतीला कात्री लावणारे मला फारसे आढळले नाहीत.

१५ नोव्हेंबर २००२ रोजी संपावर उतरलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांसाठी तो ॲक्टन टाउन हॉलमध्ये गायला आणि जवळजवळ वीस वर्षांनी क्लॅशमधला त्याचा जुना साथीदार, गिटारवादक मिक जोन्स त्याच्याबरोबर मंचावर आला. त्यानंतर सव्वा महिन्यातच, वयाच्या ५०व्या वर्षी, स्ट्रमर गेला. लेखाचा शेवट याच मैफलीने करावा, हा आपलाच आग्रह होता आणि तो योग्य होता.

रेकॉर्ड जपून ठेवल्या आहेत. अंकाच्या प्रतीसह त्या लवकरच घरी आणून देईन.

आपला कृतज्ञ,
लेखक