अ‍ॅडव्हान्स देण्याआधी एवढं विचारा, लग्नाच्या दिवशी नक्की कोण येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरबरोबर लग्नसराईची पुरवणी आली. चार पानं नुसत्या जाहिराती, हॉल, केटरिंग, डेकोरेशन, फोटो-व्हिडिओ, मेकअप, साउंड, सगळं. जाहिराती छापायला माझी काहीच हरकत नाही, पेपर त्यावरच चालतो हे कळतं. पण ज्या घरात लग्न ठरलंय त्या घरात ही पुरवणी जपून ठेवतात, नंबरांना पेनाने गोल करतात, फोन लावतात, आणि त्या माणसाची खात्री कशी करायची हे मात्र कोणीच सांगत नाही. म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा फोटोग्राफर मीच ठरवला होता. त्याचं पेज बघितलं, फोटो एकाहून एक सरस, रेटिंग उत्तम. भेटायला गेलो तर माणूस गोडबोल्या, मोठ्या स्क्रीनवर अल्बम दाखवले आणि शेवटी म्हणाला, ‘ताई, तारीख आजच ब्लॉक करा, याच तारखेसाठी दुसरी पार्टी मागे लागलीय.’ आम्ही निम्मे पैसे तिथल्या तिथे दिले. लग्नाच्या सकाळी तो आलाच नाही. दोन पोरं आली, एकाच्या हातात कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात लाइट. विचारलं तर म्हणे सर दुसऱ्या इव्हेंटला आहेत, आम्ही त्यांचीच टीम. सरांना फोन लावला तर उचलला नाही. नवरीची आई कोण, आजी कोण, काही त्या पोरांना माहीत नव्हतं, मीच सगळीकडे त्यांच्या मागे फिरत होते. ऐन लग्न लागताना कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड भरलं. मी अगदी बाजूला उभी होते, त्या मुलाने घाईघाईत कार्ड काढलं, डबी नाही काही नाही, तसंच शर्टाच्या खिशात टाकलं आणि दुसरं कार्ड घालेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे ते खिशातलं कार्ड उघडलंच नाही. सकाळपासूनचे सगळे फोटो त्यात होते. आमच्या आजीने बहिणीचा चेहरा दोन्ही हातात धरला होता, तोही त्यातच. आजी पुढच्या वर्षी गेली.

त्या पोरांवर माझा राग नाही, त्यांना कोणीतरी सकाळी फोन करून पाठवलं होतं, तीही राबायलाच आली होती. राग त्या माणसावर आहे, ज्याने स्वतःचा चेहरा दाखवून पैसे घेतले आणि दुसऱ्यांना पाठवलं. आम्ही पैसे परत मागितले तर म्हणाला टेक्निकल प्रॉब्लेमला आम्ही जबाबदार नाही. आमच्याकडे लिहिलेलं काय होतं, तर एक पावती, तिच्यावर तारीखसुद्धा नव्हती. नंतर भाचीने त्याच्या पेजवरचे चार फोटो गूगल लेन्समध्ये (फोटो टाकला की तो नेटवर आणखी कुठे आहे ते दाखवतं) टाकून बघितले तर दोन फोटो भलत्याच फोटोग्राफरच्या पेजवर निघाले, कितीतरी आधी टाकलेले. म्हणजे ते काम त्याचं नव्हतंच. हे शोधायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि हीच पाच मिनिटं मी अ‍ॅडव्हान्स देण्याआधी काढली नाहीत हे मला आजही लागतं.

तेव्हापासून घरात, नात्यात, ऑफिसात कोणाचंही लग्न ठरलं की मी सांगते, फोटो आणि स्टार बघून माणूस ठरवू नका, त्या दिवशी समोर कोण उभं राहणार ते विचारा आणि ते नाव कागदावर घ्या. लग्नाच्या धंद्यात काम पुढे देणं सर्रास चालतं. केटरर वाढपी बाहेरून आणतो, डेकोरेटर लाइटिंगचं काम दुसऱ्याला देतो, मेकअपवाली एकाच दिवशी तीन नवऱ्या घेते आणि एकीकडे असिस्टंटला पाठवते. यात नेहमी फसवणूकच असते असं नाही, मोठं काम एकट्याने होत नाही हे खरंच आहे. पण ते आधी सांगायला पाहिजे. जो आधी सांगतो तो साधारण बरा निघतो असा माझा अनुभव आहे.

फोटोग्राफरकडे निवडक फोटो बघूच नका. त्याला म्हणा, एकाच लग्नाचे सकाळपासून रात्रीपर्यंतचे सगळे फोटो दाखव. पाच-सहाशे फोटो बघताना कळतं, कमी उजेडात काय होतं, घरच्यांचे चेहरे आलेत का, की नुसते दागिने आणि फुलंच. त्याच्या पेजवर त्याने स्वतः टाकलेल्या फोटोंपेक्षा लोकांनी त्याला टॅग केलेले फोटो बघा, तिथे खरे गिऱ्हाईक सापडतात, त्यांना मेसेज करता येतो. कॅमेऱ्यात दोन कार्डं एकाच वेळी चालतात का हे नक्की विचारा. चांगल्या कॅमेऱ्यांत दोन स्लॉट असतात आणि प्रत्येक फोटो दोन्हीकडे लिहायचं सेटिंग असतं, एक कार्ड गेलं तरी दुसरं राहतं. हे मला आधी माहीत असतं तर... असो. घरी गेल्यावर कॉपी किती ठेवता तेही विचारा. कॉम्प्युटरवाले ३-२-१ म्हणतात, ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. नीट काम करणारा माणूस या प्रश्नाला वैतागत नाही, उलट खुश होऊन दाखवायला लागतो.

रिव्ह्यूंचं काय सांगू, खोटे रिव्ह्यू विकत मिळतात हे आता सरकारांनीही मानलंय. युरोपियन युनियनमध्ये खोट्या रिव्ह्यूंना बंदी घालणारे नियम २८ मे २०२२ पासून लागू झाले, अमेरिकेत तसा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून आला. नियम आले म्हणून खोटे रिव्ह्यू थांबले असं नाही, आपण वाचताना तारखा बघायच्या. दोन दिवसात पंधरा रिव्ह्यू आणि मग चार महिने शुकशुकाट असेल तर दाल में काला आहे. पाच स्टारवाले सोडा, तीन स्टारवाले वाचा, त्यात लोक खरं लिहितात, काम छान पण अल्बम आठ महिन्यांनी दिला वगैरे. आणि वाईट रिव्ह्यूला त्याने काय उत्तर दिलंय ते तर वाचाच, तिथे शिवीगाळ किंवा धमकी दिसली तर तीच भाषा उद्या आपल्या वाट्याला येणार.

मला विचाराल तर सगळ्यात खरी माहिती जुन्या गिऱ्हाइकांकडून मिळते, पण नंबर मागितले की हे लोक मित्राचा नाहीतर मेव्हण्याचा नंबर देतात. म्हणून मी तीन ठरावीक नंबर मागायला सांगते, एक गेल्या महिन्यातल्या लग्नाचा, एक वर्षापूर्वीचा म्हणजे ज्यांना सगळं हातात मिळून गेलंय, आणि एक असा जिथे काहीतरी बिघडलं होतं, पाऊस आला किंवा तारीख पुढे गेली. तिसरा नंबर जो देतो त्याचं मला फार कौतुक वाटतं. फोनवर ‘चांगले आहेत का हो’ असं विचारलं तर कोणीही हो म्हणतं. किती वाजता आले, कोण आलं, शेवटी जास्तीचे पैसे मागितले का, वस्तू किती दिवसांनी मिळाली, असं विचारलं की समोरचा जरा थांबतो आणि मग खरं बोलतो. अजून एक, ही मंडळी एकमेकांना ओळखून असतात. रात्री उशिरा कोणता डेकोरेटर जागा साफ करून जातो हे हॉलच्या मॅनेजरला पक्कं माहीत असतं. मात्र तो एकाच नावावर फार जोर द्यायला लागला तर तुमचं यात काही कमिशन आहे का असं सरळ विचारा, लाजू नका.

केटररची टेस्टिंग सगळेच करतात, पण टेस्टिंगला चार माणसांचं जेवण असतं, लग्नाला पाचशेचं. दुसऱ्या कोणाच्या कार्यक्रमात, परवानगी घेऊन, मागच्या बाजूला दहा मिनिटं उभं राहा. हात धुवायला पाणी-साबण आहे का, झाकणं आहेत का, कच्चं आणि शिजलेलं एकाच टेबलावर ठेवलंय का. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न बाहेर साध्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवावं. लग्नात जेवणाची पंगत किंवा बुफे किती वेळ चालतो ते तुम्हीच आठवा. केटररला विचारा, शेवटच्या पाहुण्यापर्यंत गरम कसं ठेवणार? ‘काळजी करू नका’ हे उत्तर नव्हे.

आणि हॉल आणि डेकोरेशनच्या बाबतीत हे नुसतं पैशांचं राहत नाही. इराकमधल्या हमदानियाला २६ सप्टेंबर २०२३ ला लग्नाच्या हॉलमध्ये आतच आतषबाजी केली, छताची सजावट लगेच पेटणारी होती, १०० पेक्षा जास्त माणसं गेली. बातमी वाचून मला दोन रात्री झोप लागली नव्हती. आपण हॉल बघायला जातो तेव्हा झुंबर बघतो, पार्किंग बघतो, बाहेर पडायचे दरवाजे किती आणि त्यांना कुलूप तर नाही ना हे बघतो का? डेकोरेटर सुंदर पडदा लावून नेमका तोच दरवाजा झाकतो हे मी स्वतः पाहिलंय. आत फटाके, ठिणग्या उडवणारं स्पार्कल मशीन काही आहे का, कापड पेटणारं आहे का, वायरिंग कोण करणार, त्याचं नाव काय, आणि तो कार्यक्रम संपेपर्यंत थांबणार आहे का, हे विचारायला आपण कशाला संकोचायचं, आपलीच माणसं आत बसणार आहेत.

आता पैसे. ‘आजच बुक करा’ म्हणणाऱ्याला एक रात्र मागा, खरा असेल तर देतो. ऑनलाइन पाठवताना खात्यावरचं नाव आणि धंद्याचं नाव जुळतंय का बघा, नाहीतर कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाच्या खात्यात पैसे जातात आणि मग सिद्ध काय करणार. कार्डने दिले तर बऱ्याचदा बँकेकडे तक्रार तरी करता येते, रोख दिले तर सही-तारखेची पावती घ्याच. सगळे पैसे आधी देऊ नका, शेवटचा हप्ता वस्तू हातात आल्यावर.

करारात लोक तारीख आणि रक्कम बघून सही करतात. मी म्हणते कॅन्सलेशनचं वाक्य दोनदा वाचा. तुम्ही रद्द केलं तर अ‍ॅडव्हान्स परत नाही हे ठळक छापलेलं असतं, त्यांनी रद्द केलं तर काय हे कुठेच नसतं. ते पेनाने लिहून घ्या, दोघांच्या सह्या करा. कोविडमध्ये २०२० ला किती घरांचे पैसे असे अडकले, कारण लग्न पुढे गेलं तर काय होईल हे आधी कोणी लिहिलंच नव्हतं. येणाऱ्या माणसाचं नाव, तो आजारी पडला तर बदली कोण, यायची आणि जायची वेळ, वस्तू द्यायची तारीख, एवढं तरी हवंच. तोंडी काही ठरलं तर त्याच रात्री मेसेज टाकायचा, ‘आज आपलं असं असं ठरलं, बरोबर ना?’ आणि त्याचं ‘हो’ आलं की स्क्रीनशॉट ठेवायचा.

माझ्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलंय. परवा तिने दोन डेकोरेटरना हेच सगळं विचारलं. पहिला भडकला, म्हणाला एवढा अविश्वास असेल तर करूच नका. दुसऱ्याने खिशातून वही काढली, लाइटवाल्याचं आणि सुपरवायझरचं नाव-नंबर लिहून दिलं, आणि वर म्हणाला, ताई, त्या तारखेला मी स्वतः संध्याकाळी पाचनंतर येणार, सकाळी हे दोघे असतील. सकाळी आपण नसणार हे त्याने स्वतःहून सांगितलं. तिने त्यालाच बुक केलं.

संपादक साहेब, तुमच्याकडे एकच मागणं आहे. पुढच्या पुरवणीत जाहिरातींच्या मधोमध एक रिकामी चौकट छापा, वाचकांनी कापून बरोबर न्यावी अशी. त्यात येणाऱ्या माणसाचं नाव, बदलीचं नाव, वेळ, त्यांनी रद्द केलं तर काय, आणि सही, एवढ्याच पाच ओळी. जाहिरात देणाऱ्यांनाही आधी सांगून ठेवा की गिऱ्हाईक ही चौकट भरून मागेल. ज्यांचं काम चोख आहे ते आनंदाने भरून देतील.

आपली,
एक नियमित वाचक