साग मेला नाही, त्याला अळी लागली आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुळशीच्या वाटेवरील साग ‘अज्ञात रोगाने मरणपंथाला’ लागल्याचे वृत्त कालच्या अंकात वाचले. आपल्या वार्ताहरांनी झाडाखाली पाच मिनिटे उभे राहण्याची तसदी घेतली असती, तर तो अज्ञात रोग रेशमी धाग्याला लोंबकळत त्यांच्याच सदऱ्यावर उतरला असता. हायब्लिया प्युरा या पतंगाची ती अळी होय. पावसाळ्याच्या तोंडी फुटलेल्या कोवळ्या पानाची कड ती कातरते, तो तुकडा दुमडून धाग्याने शिवते, त्या घडीत दडून पान फस्त करते आणि जाड शिरा तेवढ्या मागे ठेवते. पावसाळा सरता सरता पानांची जाळी करणारा पतंग निराळा, युटेक्टोना मॅकेरॅलिस. त्याचा प्रताप आपण या ‘अज्ञात रोगा’च्या नावावर खपवला आहे. झाड यात सहसा मरत नाही, त्याला पुन्हा पालवी फुटते. वाढ मात्र खुंटते. केरळात निलंबूरच्या तरुण लागवडीत लाकडाच्या वाढीतील ही घट ४४ टक्के भरली होती, तेव्हा नुकसान होतच नाही असे माझे म्हणणे नाही.

गेल्या वर्षी अशीच घाबरवणारी बातमी वाचून आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीने आवारातील सागांवर कीटकनाशक फवारून घेतले. या किड्याचा अंड्यापासून पतंगापर्यंतचा सारा संसार तीनेक आठवड्यांत आटोपतो. फवारणीचा मुहूर्त निघेपर्यंत अळ्या कोष करण्यासाठी खाली पाचोळ्यात उतरल्याही होत्या. औषध मिळाले ते माझ्या गॅलरीतील कढीपत्त्याला आणि दोरीवरच्या कपड्यांना. अळ्या टिपायला येणाऱ्या साळुंक्या फिरकेनाशा झाल्या. पुढे झाडे आपली आपण पालवली, त्याचे श्रेय कार्यकारिणीने फवारणीला दिले आणि खर्च मेंटेनन्सच्या बिलात लावला. मी लेखी हरकत घेतली, तेव्हा सचिवांनी उत्तरादाखल आपल्याच दैनिकाचे कात्रण सूचनाफलकावर डकवले!

बातमीसोबतचे छायाचित्र तर मक्यावरील लष्करी अळीचे आहे. तिच्या डोक्यावरचा उलटा ‘वाय’ आपल्या छपाईतही स्पष्ट दिसतो. सागाच्या पतंगाचे छायाचित्र हवेच असेल, तर पुढचे पंख वाळक्या पानासारखे आणि मागच्या काळ्या पंखांवर नारिंगी डाग, एवढे पाहून निवडावे.

खुलासा छापणार असाल, तर कृपया बातमीइतक्याच ठळक अक्षरांत पहिल्या पानावर छापावा. आतल्या पानावरील चौकटी आमचे सचिव वाचत नाहीत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोथरूड, पुणे