बेस डाव्या हातात असतो

महोदय,
जॅझ, फंक आणि रॉक एकत्र वाजवणाऱ्या वाद्यत्रयींवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. बेसवादक नसला की संगीत खालून पोकळ वाटते, हे त्यातले मत मात्र पटले नाही. न्यूयॉर्क राज्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'सोलाइव्ह' या त्रयीत बेसवादक नाही, पण बेस, म्हणजे खर्जाची सुरावट, भरपूर आहे. नील इव्हान्स तो डाव्या हाताने की-बोर्डवर धरतो आणि उजव्या हाताने ऑर्गन वाजवतो. ड्रम्सवर त्याचा भाऊ ॲलन, गिटारवर एरिक क्रॅस्नो.

'मेडेस्की, मार्टिन अँड वुड' या दुसऱ्या त्रयीचा मामला उलटा. तिथे ख्रिस वुड बेसवर आहे, गिटार नाही. रॉकचा करकरीतपणा जॉन मेडेस्की क्लॅव्हिनेट हा इलेक्ट्रिक की-बोर्ड डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करून, वाजवून आणतो. १९९२ च्या पहिल्या अल्बममध्ये तो पियानोच वाजवत होता. रॉक क्लबांच्या दौऱ्यांत पियानो मिळेना, तेव्हा विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन आला. शैलींची सरमिसळ दरवेळी तात्त्विक कारणानेच होते असे नाही!

प्रत्यक्ष कार्यक्रमात पोकळी जाणवली, तर आधी ध्वनियोजना तपासावी. ऑर्गनचा लेस्ली स्पीकर दोन मजली असतो : वर फिरणारा भोंगा, खाली फिरणारा ड्रम (पोकळ पिंप). वर दोन माइक आणि खाली एक, ही नेहमीची मांडणी. खालचा माइक फार जवळ ठेवला, की फिरत्या ड्रमचा वारा त्यात धपधपतो. तो घालवायला ऑपरेटर खालच्या फ्रिक्वेन्सी कापतो आणि त्याबरोबर डाव्या हाताचा बेसही कापला जातो. माइक थोडा मागे घ्यावा, त्याला फोमची टोपी घालावी. बेससाठी वेगळा की-बोर्ड असेल, तर त्याची लाइन थेट मिक्सरला द्यावी. लेस्लीतून गेलेला बेस हेलकावतो.

आयोजकांसाठी विजेचाही मुद्दा आहे. ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला अमेरिकन बी-३, म्हणजे हॅमंडचा जुना ऑर्गन, इथे लावताना नुसता व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. त्याची स्वरचक्रे (ज्यांच्या फिरण्यातून स्वर निघतात ती चाके) फिरवणारी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीनुसार चालते. आपल्या ५० हर्ट्झवर ती मंदावते आणि पांढरी एक दाबली, तर खालच्या सप्तकातल्या पांढरी सहापेक्षाही किंचित उतरलेला स्वर निघतो. या 'किंचित'मुळे पट्टी बदलूनही गिटारशी मेळ बसत नाही. फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर तरी हवा, नाहीतर ५० हर्ट्झचा ऑर्गन. डिजिटल ऑर्गनला ही कटकट नाही.

बी-३ सुरू करतानाही घाई नको. 'स्टार्ट'चा खटका सुमारे ८ सेकंद धरून ठेवावा, तो न सोडता 'रन' चालू करावा, आणखी ४ सेकंदांनी 'स्टार्ट' सोडावा. आधीच सोडला तर मोटर वेग घेत नाही.

उरला बेस ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. जॅझवाले १८ इंची ड्रम मोकळा गुंजू देतात. फंकला आवाज आखूड लागतो. मोकळा ड्रम सबवूफरमध्ये (खर्जाच्या स्पीकरमध्ये) चढवला, की त्याची गुंज बेसच्या स्वरांवर पसरते आणि लय चिखलात रुतते. अशा वेळी बेस वाढवू नये, ड्रममध्ये घडी घातलेली चादर ठेवावी. साउंड चेकला आधी फक्त डावा हात आणि बेस ड्रम वाजवून घ्यावेत. ते दोन्ही वेगवेगळे ऐकू आले, की मग उजवा हात आणि शेवटी गिटार.

– एक वाचक, पुणे