बाहुल्यांच्या विडंबनाविषयी

शहापूर, बेळगाव

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि पहिल्या प्रवेशाची वही पोहोचली. मारधाडीच्या एखाद्या गाजलेल्या चित्रपटाचे बाहुल्यांकडून विडंबन करायचे, तेही केवळ मोठ्या माणसांसाठी आणि मुले झोपल्यावर, ही तुझी कल्पना मला मनापासून आवडली. मात्र नायकापासून खलनायकापर्यंत सर्वांचे संवाद आपल्या बेळगावी बोलीत फिरवून घेण्याचे जे तू ठरवले आहेस, ते मला पटत नाही.

'टीम अमेरिका' हा ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांचा २००४ सालचा दोरीच्या बाहुल्यांचा चित्रपट तू पाहिला आहेसच. तो करण्याआधी त्यांच्या हाती 'द डे आफ्टर टुमॉरो' या प्रलयपटाची संहिता लागली होती आणि तिच्यातला एक शब्दही न बदलता ती जशीच्या तशी बाहुल्यांकडून करून घ्यावी, असा त्यांचा बेत होता. वकिलांनी धोका दाखवल्यामुळे तो सोडावा लागला; पण त्या बेतातच या प्रकारच्या विनोदाचे मर्म आहे असे मला वाटते. जे वाक्य नट डोळ्यांत पाणी आणून म्हणतो आणि पार्श्वसंगीत त्याला उचलून धरते, तेच वाक्य लाकडी चेहऱ्याच्या तोंडी घातले की त्यातला पोकळपणा आपोआप उघडा पडतो, वेगळी कोटी करावी लागत नाही. तू संवाद बदललेस तर प्रेक्षक तुझ्या विनोदाला हसतील, मूळ चित्रपटाला हसणार नाहीत.

त्यांनी गांभीर्य किती जपले होते पाहा. बाहुल्या जेमतेम बावीस इंचांच्या, पण छायालेखनासाठी 'द मॅट्रिक्स'चे बिल पोप यांना बोलावले आणि नेपथ्य साधारण एक तृतीयांश मापात बारकाईने उभारले. एवढा थाट केल्यावर दोऱ्या मात्र लपवल्या नाहीत, चालताना होणारी डगमग तशीच राहू दिली, आणि काळे बिबटे म्हणून चक्क घरातली काळी मांजरे सोडली. शृंगाराच्या प्रवेशाला कात्री लावल्यावरच त्यांना 'आर' प्रमाणपत्र (अमेरिकेत सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबतच प्रवेश देणारे) मिळाले; ज्यांना अवयवच नाहीत अशा बाहुल्यांच्या शृंगाराची परीक्षकांना धास्ती वाटावी, याइतके मोठे विडंबन त्या चित्रपटातही नसेल. याउलट २०१८ सालच्या 'द हॅपीटाइम मर्डर्स'ची कथा. 'मपेट' बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांचे चिरंजीव ब्रायन हेन्सन यांच्यासारखा घराण्यातला जाणकार दिग्दर्शक असूनही, बाहुली शिव्या देते या एकाच गमतीवर तो उभा असल्यामुळे लवकरच कंटाळा येतो. पीटर जॅक्सन यांचा १९८९ सालचा 'मीट द फीबल्स' त्याहून कितीतरी ओंगळ, पण त्यातला बेडूक व्हिएतनामच्या आठवणी सांगू लागतो तेव्हा 'द डीअर हंटर' या व्हिएतनाम युद्धावरच्या चित्रपटाची धाटणी नेमकी पकडलेली असते. म्हणून तो ओंगळपणा मी सहन करतो. (तुझ्या सौभाग्यवतींना मात्र दाखवू नकोस.)

आता बोलीविषयी. उत्तर कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे किळ्ळेक्यात जमातीचे लोक आपल्याला परके नाहीत. त्यांच्या घरात बोलतात ती मराठीचीच एक बोली आहे. पांढऱ्या पडद्यामागे रामायण-महाभारताचा गंभीर प्रसंग चाललेला असताना मध्येच किळ्ळेक्यात नावाचा काळाकुट्ट विदूषक आणि त्याची बायको बंगारक्का घुसतात आणि लेकीसुनांसमोर ऐकू नये असे काहीबाही बोलून जातात. मोठ्यांसाठीचा बाहुलीविनोद आपल्या भागात परदेशातून यावा लागलेला नाही. महत्त्वाचे असे, की त्या चावटपणामुळे राम आपली भाषा सोडत नाही. तो रामासारखाच बोलत राहतो आणि म्हणूनच त्या दोघांच्या बोलण्याला धार येते. तेव्हा तुझा नायक चित्रपटातलेच संवाद छाती फुगवून म्हणू दे, आणि आपली कानडीमिश्रित बोली अशाच एका आगंतुक जोडप्यासाठी राखून ठेव. नायक जळत्या गाड्यांकडे पाठ फिरवून येत असताना बाईने नवऱ्याला एवढेच विचारावे, "ह्येच्या गाडीचं हप्तं कोण भरतंय हो?"

एक अडचण मात्र खरी आहे. चित्रपटाची निम्मी नक्कल कॅमेरा करतो आणि आपल्यापाशी कॅमेरा नाही. नायकाची संथ चाल हातानेच संथ करावी लागेल, म्हणजे दोरी धरणाऱ्याच्या मनगटाची परीक्षा आहे. वाऱ्यावर उडणारे केसही कुणीतरी उघडपणे पुठ्ठ्याने वारा घालूनच उडवावेत. चालवण्याची रीत शिकायला आंबोलीचा घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊ या. तिथल्या ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्या टिकवल्या आहेत आणि त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्रीही मिळाली. दोऱ्यांऐवजी बोलक्या बाहुलीचा विचार तुझ्या मनात असेल तर तो सोड. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसला आहे, की आपला खलनायक तोंड उघडताच सगळे त्याच्याच मंत्राची वाट पाहतील.

चित्रपट कोणता घ्यायचा हे तू कळवलेले नाहीस. आपल्याकडचा प्रेक्षक मराठी, कानडी आणि हिंदी तिन्ही पाहतो, त्यामुळे निवड मोठी आहे. परंतु ज्याचे संवाद लोकांना तोंडपाठ नाहीत असा घेऊ नकोस. दुसरा प्रवेश मूळ संवादांसह नव्याने लिहून पाठव, मी जोडप्याचे बोलणे भरून परत करतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मधू