सूप कोणत्या खात्यात येतं? वनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : बुरूड, ढिवर, कोलाम कारागिरांना जंगलातला माल वेळेवर आणि कामाचा मिळण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोणाला लिहायचं यावर आमच्या गावात बरीच वादावादी झाली. बांबू वनविभागाचा. कोसा, म्हणजे रानातल्या अळीचं रेशीम, रेशीम संचालनालयाचा. कोलाम आणि माडिया आदिवासी विकासाकडे, बुरूड समाजकल्याणाकडे, प्रदर्शनं उद्योग खात्याकडे आणि दंडार-खडी गंमत ही आमची लोकनाट्यं सांस्कृतिक कार्य खात्याकडे. शेवटी सगळ्यांचं ठरलं, की माल जिथे उगवतो त्या दारी आधी जावं. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. बाकीच्यांनीही वाचलं तर हरकत नाही.

मी नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. माहेर आणि सासर दोन्ही बुरूडांचं. घरात अजून सूप-टोपल्या होतात. सासूबाई विणतात, सासरे बांबू चिरतात, आणि मानधन महिना उलटला तरी आलं नाही की मीही बसते.

आमच्या कलेविषयी बोलताना पाहुणे मंडळी ‘हातात कला आहे’ असं म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. पण हातात येण्याआधी ती बांबूत असते, हे सांगायला हे पत्र आहे. सुपासाठी बांबू निवडायचा तर तो सरळ हवा, पेरं लांब हवीत, आणि त्याने दोन पावसाळे पाहिलेले हवेत. त्याहून कोवळा असला तर वाळताना आकसतो आणि वीण सैल पडते. फार जून झाला तर मुडपताना काडकन तुटतो. सासरे बेटातल्या बांबूवर कोयत्याचा मागचा भाग आपटतात, आवाज ऐकतात आणि पुढे सरकतात. दहा बांबूंतला एखादा निवडतात. मग घरी आणून तो ओला असतानाच चिरायचा. बाहेरची हिरवी साल सगळ्यात चिवट, ती काठ बांधायला. आतला पांढरा भाग पोटाला. ही पाती इतकी पातळ सोलायची की ती बोटाभोवती गुंडाळता आली पाहिजे, आणि सोलताना मध्येच धार पेरात अडकली तर ती पाती गेली.

हे सगळं बांबू हिरवा आहे तोवरच. वाळलेला बांबू पाण्यात कितीही भिजत घाला, त्याला पुन्हा तो लवचिकपणा येत नाही.

आता वनविभागाच्या बांबू डेपोतलं सांगते. नोंदणी केलेल्या बुरूड कामगारांना सवलतीच्या दरात बांबू देण्याची शासनाची योजना आहे, ती चांगली आहे आणि ती बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण आमच्या वाट्याला येतो तो गंजीचा बांबू. कधी तोडला कोण जाणे, उन्हात पडून पडून पिवळा झालेला, वाकडा, आखूड पेरांचा, टोकाकडचा. निवडून घ्यायचा नाही, मोळीच उचलायची. कार्डावर शिक्का बसतो, ‘पुरवठा झाला’ अशी नोंद होते. मागच्या खेपेचा माल पाहून सासूबाई म्हणाल्या, ‘हे सुपाचं नाही वो, चुलीचं आहे.’ आणि त्याचे पैसे आम्ही दिलेले होते.

कागदावर आम्हाला बांबू मिळतो आणि प्रत्यक्षात आम्ही बिनमालाचे कारागीर आहोत, ते असं.

याला निसर्गाचं वेळापत्रकही कारण आहे, ते तुमच्या विभागाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, फुटतात, त्या काळात बेटाला हात लावायचा नाही. हे आमच्याकडे आजे-पणजे पाळत आले, कायद्याने सांगायच्या आधीपासून. तोड सुरू होते ती दिवाळीच्या पुढेमागे. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान तेव्हा निघत असतो, मग उशिराचा भारी धान निघतो, खळ्यावर सुपं लागतात, डाली लागतात, मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात, वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटकं रात्रभर रंगतात. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचं, सगळं वर्ष धानाभोवती फिरतं. आमचा धंदाही त्याच चाकाला बांधलेला आहे. नेमक्या त्याच वेळी डेपो रिकामा असतो, आणि माल येतो तो उन्हाळ्यात, जेव्हा धान विकून लोक मोकळे झालेले असतात. लग्नसराईचा थोडा खप सोडला तर तो बांबू घेऊन आम्ही करायचं काय?

तक्रार एकट्या जंगलाची करून मी मोकळी होणार नाही. गिऱ्हाईकही बदललं. माझ्या लहानपणी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात ढोली असायची. माणूसभर उंचीची, बांबूच्या पात्यांची, आतून-बाहेरून शेणामातीने सारवलेली. वर्षभराचा धान तिच्यात राहायचा. भिंतीतून हवा खेळायची, म्हणून धानाला कुबट वास यायचा नाही. आता हार्वेस्टर शेतात उतरतो, धान तिथूनच बारदान्यात भरून आधारभूत खरेदी केंद्रावर जातो. खळं नाही, उफणणं नाही, ढोलीत ठेवायला धान नाही. यात कोणाचा दोष काढू? शेतकऱ्याला रोख पैसा हवा आणि तो त्याला मिळायलाच हवा. पण आमच्या भागात ढोली विणू शकणारी माणसं आता मोजकी उरली आहेत, आणि त्यांच्याकडे शिकायला कोणी बसत नाही. विकत घेणाराच नसेल तर शिकून करायचं काय, असं पोरं विचारतात. त्यांच्यापुढे मला बोलता येत नाही.

सूप मात्र तगलं. धान पाखडायला मशीन आलं तरी ते तगलं, कारण ते फक्त धान्याचं भांडं नव्हतं. बाळ जन्मलं की पाचवीला सूप लागतं. लग्नात सूप लागतं, परडी लागते. घरातलं माणूस गेलं की तिरडीचा बांबू आणायला लोक आमच्याच दाराशी येतात, आणि त्या दिवशी भाव करत नाहीत. असं गिऱ्हाईक शहरातल्या दुकानात मिळत नाही. एखादी वस्तू रोजच्या वापरातून सुटली तरी रीतीभातीत अडकून राहिली की ती जगते, हे मी सुपावरून सांगते. म्हणून ‘संस्कृती’ खात्याने आमचा विचार फक्त मंचावरच्या कार्यक्रमापुरता करू नये.

तुम्ही विदर्भभर फिरता, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, पण मुंबईत बसून फाइल वाचणाऱ्यांसाठी लिहिते. विदर्भ म्हणजे सगळीकडे बांबू नव्हे. वर्धा-यवतमाळकडे कपाशी आणि तूर, तर तिथल्या घरांचे कूड तुराट्या-पऱ्हाट्यांचे. झरी जामणी, जिवतीकडचे कोलाम पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या टोपल्या आणि तट्टे करतात. मेळघाटातले कोरकू गेलेल्या माणसाच्या नावाने सागवानी खांब कोरतात, त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार असतात. आमच्याकडे मालगुजारांच्या काळातले तलाव, म्हणून मासेमार ढिवर, म्हणून मासे धरायचे बांबूचे सापळे. जिथे जे उगवलं त्यातून तिथल्या माणसाने आपलं सामान केलं, मग त्याला देवाधर्मात जागा दिली. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी ओढत घरोघर जातात, तो नंदी करणाऱ्या सुताराला मऊ, हलकं, न चिरणारं लाकूड लागतं. शिवणीचं मिळालं तर तो खूश असतो. मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं, पूजा करून, मिरवणूक काढून गेलं. आम्हालाही अभिमान वाटला. गावच्या सुताराला नंदीसाठी चार हात लाकूड मिळायला मिरवणूक नको, नुसती परवानगी पुरे.

कोशाचंही असंच. ढिवर बांधव ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडतात आणि पिकाचे दिवस झाडाखालीच काढतात, पाखरं हाकलत. ती अळी ऐन-अर्जुनाचा पाला खाते. तिच्या कोशातून निघणाऱ्या धाग्याला मधासारखा तपकिरी रंग असतो, आणि त्यातून करवतीच्या दातांसारख्या काठाची करवतकाठी साडी होते, जिला आता भौगोलिक मानांकनही आहे. मानांकन साडीला मिळालं, ऐनाच्या झाडाला कोणी विचारलं नाही. मिश्र जंगल काढून एकट्या सागाची रोपवनं उभी केली की हिशेबात जंगल तेवढंच राहतं, पण अळीला बसायला झाड राहत नाही. सागाच्या पानावर कोसा होत नाही, साहेब.

कायद्याचं थोडं बोलते. आम्ही अडाणी राहिलो नाही, ग्रामसभेत बसून बसून शिकलो. मध्य प्रांताच्या काळापासून आमच्या भागात निस्तार हक्क, म्हणजे घरगुती गरजेपुरता माल जंगलातून घेण्याचे हक्क, होते. 2006च्या वनहक्क कायद्यात बांबू, कोसा, मध, तेंदू ही सगळी गौण वनोपजात घातली. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनेही ते करून दाखवलं. म्हणजे होत नाही असं नाही. 2017 मध्ये 1927च्या वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि बांबू ‘झाड’ राहिला नाही, पण ती सूट जंगलाबाहेरच्या बांबूला. ज्याच्या बांधावर बांबू आहे त्याला फायदा झाला. बुरूडाकडे बांध कुठे आहे? आमच्यातले बहुतेक भूमिहीन.

आणि आणखी एक मेख आहे. आम्ही अनुसूचित जमातीत नाही, म्हणून ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करायचा तर 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा लागतो. माझ्या आजेसासऱ्यांनी विणलेली टोपली कोणी जपून ठेवली असती तर दाखवली असती. सुपाला पावती नसते. वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा धरावा असं नियमात आहे, पण आमच्याकडे कागदच मागितला गेला.

वाघाचं बोलल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली, या पट्ट्यात मोहाला, तेंदूला, सरपणाला गेलेली माणसं मारली गेली आहेत. ‘जंगलात जाऊ नका’ असं वनरक्षक सांगतो तेव्हा तो आमच्या जिवासाठीच सांगतो, त्याच्याशी भांडण नाही. पण मग बांबू आणायचा कुठून? डेपोतून. आणि डेपोत काय असतं ते वर लिहिलंच आहे. वाघ राखायचा असेल तर बुरूडाला दाराशी हिरवा बांबू देणं हा त्याच कामाचा भाग समजा. नाहीतर माणूस चोरून जाईल, एकटा जाईल, पहाटे जाईल.

प्रशिक्षणाविषयी एक आगाऊ गोष्ट बोलते. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र झालं, तिथे आमच्या भागातली पोरं-पोरी शिकली, काहींनी दिवे, दागिने, फर्निचर केलं, त्याला बाजार आहे, चांगलं आहे. पण गावोगावी होणाऱ्या पाच-सात दिवसांच्या शिबिरांत येणाऱ्या ‘मास्टर ट्रेनर’ना सांगा, की विणून विणून डोळे गेलेल्या बाईला पेनस्टँड शिकवायचा असेल तर आधी तिला विचारावं, तिला काय येतं. माझ्या सासूबाईंकडे प्रमाणपत्र आहे, फोटो आहे, किटची पिशवी आहे. शिबिराला आणलेला बांबू शेवटच्या दिवशी ट्रकमध्ये परत गेला.

म्हणून मागणं असं आहे. तोडीच्या हंगामात, दिवाळीनंतर, ताजा हिरवा बांबू द्या आणि तो आमच्या माणसाला बेटातून स्वतः निवडू द्या. एक वर्षाचे कोंब राखून तोडायचं असतं हे आम्हाला शिकवावं लागणार नाही. वनरक्षक सोबत असू द्या, वाघासाठीही आणि हिशेबासाठीही. ज्या ग्रामसभांना सामूहिक हक्क आहेत त्यांच्या परवान्यांवर स्थानिक कारागिरांचा वाटा आधी काढायची सूचना द्या, कारण खरं सांगायचं तर काही ग्रामसभाही मोठ्या ठेकेदाराला सगळा लॉट विकून मोकळ्या होतात आणि गावचा बुरूड बघत राहतो. रोपवनाच्या आराखड्यात ऐन, अर्जुन, शिवण, मोह यांना सागाइतकी जागा द्या. मानवेल हा आमच्याकडचा बांबू चाळीसेक वर्षांनी एकदम फुलोऱ्यावर येतो आणि बेटंच्या बेटं मरतात, ते होण्याआधी पुढची लागवड कुठे आणि कशाची, हे ग्रामसभेला विचारा. ज्येष्ठांच्या जबाबावर दावे मंजूर करायला आदिवासी विकास आणि महसूल खात्याला तुम्हीच एकदा एकत्र बसवा. ही तिन्ही खाती आम्ही एका दिवसात गाठू शकत नाही. तुम्ही एका फोनवर बोलावू शकता.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. पहिलीला तर उलट बांबू गंजीत सडण्याचा तोटा वाचेल.

मार्गशीर्षात बांबू तोडीवर आलेला असतो आणि भारी धान निघत असतो. तेव्हा आलात तर माल कसा निवडतात ते सासरे दाखवतील, आणि डेपोतली मोळीही शेजारी ठेवून दाखवतील. उत्तर पाठवायचं असेल तर ग्रामसभेच्या नावे पाठवा. माझ्या नावे आलेलं टपाल अंगणवाडीच्या रजिस्टरांत हरवतं.

आपली,
बुरूड समाजातली एक अंगणवाडी सेविका,
तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर