मिस्त्रीकाका, आमचा टर्बो वाचवल्याबद्दल मनापासून आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे दाखवलंत ते घाटात भरलेली गाडी चढवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

आमची गाडी म्हणजे टाटाचा ट्रक, इंजिन कमिन्सचं, सहा सिलिंडर, ५८८३ सीसी. लासलगावहून कांदा भरून न्हावा-शेवा आणि परतीला मिळेल तो माल. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा; त्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, दाखवणारा मीटर डॅशबोर्डवर बसवून घेतला आणि तेव्हापासूनच कसारा घाटात गाडी दम टाकू लागली. काटा अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं माप) पुढे सरकेना. एका गॅरेजमध्ये ‘टर्बो गेला’ असं सांगून नव्या टर्बोचा खर्चही काढून दिला. तो आकडा ऐकून घरात सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

तुम्ही पाना उचलण्याआधी विचारलंत, “चढाला धूर काळा येतो का?” येत नव्हता. टर्बोची हवा इंजिनाकडे नेणारी होज (रबरी नळी) फाटून हवा गळत असती, तर डिझेलच्या मानाने हवा अपुरी पडून धूर निघाला असता, फुस्स असा आवाजही आला असता. म्हणजे इथे डिझेलच कमी जातंय, हा तुमचा अंदाज. पण तेवढ्यावर निकाल दिला नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. मीटरच्या नळीचं मॅनिफोल्डकडचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाकडचं) टोक सोडून तिच्यात गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा एक बारवर धरलीत. काटा एकपर्यंत पोचलाच नाही आणि हवा बंद करताच झपकन शून्यावर आला. साबणाचं पाणी लावल्यावर नळीतल्या टीच्या (तीन तोंडांच्या जोडाच्या) फेरूलपाशी, म्हणजे नळी पकडणाऱ्या कड्यापाशी, बुडबुडे दिसले.

मीटरसाठी, इंजिनाला डिझेल देणाऱ्या इंजेक्शन पंपाच्या डायफ्रॅमला (दाबाने हलणाऱ्या पडद्याला) जाणारी नळी कापून मध्ये ही टी टाकली होती. बूस्ट त्या डायफ्रॅमला दाबतो तेव्हा पंप जास्त डिझेल सोडतो. टी गळत असल्यामुळे डायफ्रॅमला पुरता दाबच मिळत नव्हता. डिझेल कमी, म्हणून एक्झॉस्टचा जोर कमी, म्हणून टर्बो मंद, म्हणून बूस्ट खरोखरच कमी! काटा अगदीच खोटं बोलत नव्हता, पण टर्बो धडधाकट होता. बदलला असता तरी गाडी तशीच रडत राहिली असती.

मग तुम्ही पंपाची नळी अखंड टाकलीत आणि मीटरसाठी मॅनिफोल्डवरचा एक सुताचा (१/८ इंची) रिकामा प्लग काढून तिथून वेगळी लाइन घेतलीत. छिद्र पाडायची गरज नव्हती, त्यामुळे इंजिनात कीस जाण्याची भीतीही नाही. इंजिनाकडे तांब्याच्या नळीला वेटोळं दिलंत, म्हणजे थरथरीने ती तुटणार नाही. पुढची नायलॉनची नळी एक्झॉस्टपासून लांबून आणलीत आणि पत्र्यातून आत घेताना रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेला बसणारं कडं) घातलंत. फेरूल जेमतेम आवळून म्हणालात, “जास्त आवळलं की नळीच चेपते.” काटा थरथरत होता, त्यासाठी बारीक छिद्राचा नोझल टाकलात. ही कामं कोणी बिलात लिहीत नाही, पण गाडी वर्षानुवर्षं चालते ती त्यांच्यावरच.

आता पूर्ण भारावर चढाला काटा सव्वा बारच्या आसपास स्थिर राहतो, न्यूट्रलला शून्यावर येतो. इगतपुरीपर्यंत गिअर पूर्वीसारखेच पडतात.

परवा ओळखीच्या एका ड्रायव्हरने हीच तक्रार सांगितली. मी तुमच्यासारखंच आधी धुराचं विचारलं. त्याचा काळा येत होता. साबणाचं पाणी घेऊन बसलो, तर इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजची क्लिप ढिली निघाली. त्याने माझे आभार मानले, ते तुमचे आहेत, म्हणून इथे पोचते करतो.

तुमचा,
लासलगावचा गाडीवाला