सुधाकर, तुझ्या इंग्रजी पत्राबद्दल

रामबाग, इंदूर
रविवार

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याला पाठवायचा मसुदा वाचला. चिडून लिहिलायस, आणि राग रास्तच आहे. पण ‘अ‍ॅडल्टरेटेड’ आधी खोड. तो शब्द वाचला की समोरच्याला एकच कळतं: मी मुद्दाम, चार पैशांसाठी भेसळ केली असं हा म्हणतोय. तुझ्या लॅब रिपोर्टात निघालंय काय? अफ्लाटॉक्सिन. ते बुरशीचं विष. दाणे ओलसर राहिले की शेतात, पोत्यात, गोदामात कुठेही बुरशी धरते. ते कुणी आणून ओतत नाही. म्हणून ‘कन्टॅमिनेटेड विथ अफ्लाटॉक्सिन’, म्हणजे अफ्लाटॉक्सिनने दूषित, असं लिही. माल परत घ्या ही मागणी तेवढीच ठाम राहते, आणि सिद्ध न करता येणारा लबाडीचा आरोप टळतो.

दुधाचंच बघ ना. पाणी घातलं तर अ‍ॅडल्टरेटेड. गाईने बुरशी आलेली पेंड खाल्ली आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ दुधात उतरलं, तर कन्टॅमिनेटेड. पंचाईत होते ती पिवळ्या धोत्र्याची. तो मोहरीच्या शेतात आपोआप उगवतो आणि बी मोहरीसारखंच काळं, बारीक. कापणीत नकळत आलं तर कन्टॅमिनेशन, घाण्यावर कुणी जाणूनबुजून मिसळलं तर अ‍ॅडल्टरेशन. खाणाऱ्याला दोन्ही सारखंच बाधतं म्हणा! १९९८ साली दिल्लीत धोत्रामिश्रित मोहरीच्या तेलाने ड्रॉप्सीची, म्हणजे अंगावर सूज येणाऱ्या आजाराची, साथ आली, माणसं दगावली.

खडे-काड्यांना तू ‘इम्प्युरिटीज’ म्हटलंयस. बोलताना चालेल. पण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कन्टॅमिनंटच्या व्याख्येतून किड्यांचे तुकडे आणि उंदराचे केससुद्धा वगळलेत. ते ‘एक्स्ट्रेनियस मॅटर’, म्हणजे बाहेरून आलेला कचरा. खडे-काड्याही तिथेच घाल. इम्प्युरिटी औषधवाल्यांना लागते: गोळी बनवताना मागे उरलेलं नको ते रसायन. कॉम्प्युटरच्या चिप बनवणारे तर सिलिकॉनमध्ये बोरॉन, फॉस्फरस स्वतःहून घालतात आणि त्यालाही इम्प्युरिटीच म्हणतात, म्हणजे त्या शब्दात दरवेळी दोष असतोच असं नाही.

‘पोल्युटेड गुड्स’ मात्र काढच. तो शब्द आमच्या कान्ह नदीसाठी राहू दे.

रिपोर्टची झेरॉक्स जोड, लॉट नंबर घाल. ‘काइंडली डू द नीडफुल’ ठेव, व्यापाऱ्यांना त्याशिवाय पत्र आल्यासारखं वाटत नाही. वहिनींना नमस्कार; लौंग शेव कुरियरने पाठवतोय.

तुझा,
श्रीकांत